पाचवी पेटी

खोटी वस्तू अशी करावी की शेजारच्या खऱ्या वस्तूला स्वतःबद्दल शंका यावी, असं कवळीवाले म्हणत. नुसतं म्हणत नसत, टेबलावर मूठ आपटून म्हणत. शहरातल्या दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचा त्यांचा धंदा, म्हणून सगळी इमारत त्यांना कवळीवाले म्हणायची. हातात कला होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता. अशा माणसाला उतारवयात छंद लागला, आणि तोही नेमका भांडायला भरपूर वाव असलेला.

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने एखादी डबी कुठेतरी लपवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे आणि बाकीच्यांनी हातात मोबाइल घेऊन ती हुडकायची. सापडली की आतल्या कागदावर सही करायची. आतली एखादी वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची. मग डबी होती तशी, होती तिथे ठेवून निघून जायचं, आणि हे सगळं आजूबाजूच्या माणसांना सुगावा लागू न देता. एवढं साधं काम. पण माणसं साधं काम साधेपणाने करतील तर ती माणसं कसली? कुणी छानसं पदक उचलून त्या जागी बसचं फाटकं तिकीट ठेवी. कुणी झाकण उघडं टाकून जाई आणि आत मुंग्या वारूळ करत. एका महाभागाने अर्धी चघळलेली गोळी ठेवली होती. ती हाताला चिकटली तेव्हा कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याच तिरमिरीत त्यांनी छंदकऱ्यांच्या मंडळासाठी नियमावली लिहून काढली. मंडळाने ती एकमताने मंजूर केली, कारण विरोधात बोलायची कुणाची छाती नव्हती.

"आता लपवणं म्हणजे काय ते या गाढवांना दाखवतो," ते बायकोला म्हणाले. "अशी लपवतो की कुणाच्या बापाला सापडणार नाही."

"मग ठेवायची तरी कशाला?" बायकोने विचारलं.

प्रश्न इतका सरळ होता की त्यांनी तो ऐकलाच नाही.

इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या भिंतीवर विजेच्या चार फ्यूजपेट्या होत्या. कवळीवाल्यांनी पाचवी घडवली. कवळ्यांच्याच मालाची, पण रंग असा चढवला की लोखंडही फसावं. कोपऱ्यांना गंज, झाकणावर अर्धवट सोललेलं लेबल, बिजागरीत कोळ्याचं जाळं आणि वर पालीने केल्यासारखे दोन पांढरे ठिपके. ती त्यांनी भरदुपारी, इमारत झोपलेली असताना, चारांच्या रांगेत ठोकून टाकली.

संकेतस्थळावर नोंद करताना एक प्रश्न आला: जागेच्या मालकाची परवानगी घेतली आहे का? हा त्यांच्याच नियमावलीतला पहिला नियम. आता इमारतीच्या भिंतींची मालकी समितीकडे, समितीचा कारभार सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याशी कवळीवाल्यांचं बोलणं बंद होतं. मेहुण्याच्या सासऱ्यांना त्यांनी कवळी करून दिली होती आणि भरल्या घरात मेहुणा म्हणाला होता, "दाजी, बाबा बोलतात कमी आणि टकटकच जास्त ऐकू येते." सगळे हसले. कवळीवाले ताटावरून उठले ते आजवर त्याच्या दारात गेले नव्हते.

"या इमारतीत माझ्या मालकीचं घर आहे," ते स्वतःशी म्हणाले. "म्हणजे भिंतीचा थोडाबहुत मालक मीच. मी मला परवानगी दिली." आणि त्यांनी 'हो'वर बोट ठेवलं.

पेटीतल्या डबीत त्यांनी मणी ठेवले, प्लास्टिकचं बदक ठेवलं आणि मोठ्या मानाने एक 'प्रवासी' ठेवला. प्रवासी म्हणजे क्रमांकाचा बिल्ला लावलेली वस्तू. एकाने ती एका डबीतून उचलायची आणि पुढच्या गावच्या डबीत सोडायची. मूळ मालक घरबसल्या बघतो, आपली वस्तू कुठवर पोचली. हा प्रवासी म्हणजे रेल्वेच्या एका गार्डाची पितळी शिट्टी होती. गार्ड वारले. त्यांच्या पत्नीने, निवृत्त शिक्षिकाबाईंनी, ती प्रवासाला सोडली आणि सोबत लिहिलं: 'ह्यांनी आयुष्यभर एकाच मार्गावर ये-जा केली. आता शिट्टीने तरी जग बघावं.' प्रवाशाला पंधरा दिवसांपेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, हा नियम पाचवा. तोही अर्थातच कवळीवाल्यांचा.

मग शोधकरी येऊ लागले. कुणी पाण्याचे पाइप चाचपले, कुणी कुंड्या उलट्या केल्या, एकाने तर तळमजल्यावरच्या बाईंच्या चपलांत हात घातला. पाचव्या पेटीसमोर उभं राहून, तिला टेकून, डोकं खाजवून सगळे परत गेले. 'सापडली नाही', 'सापडली नाही' अशा नोंदी पडत होत्या आणि वरच्या गॅलरीत कवळीवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्यांच्या खालच्या मजल्यावर मात्र मेहुण्याला घाम फुटत होता. अनोळखी माणसं रोज येतात, मोबाइलकडे बघतात आणि नेमकी विजेच्या पेट्यांभोवती घुटमळतात. याचा अर्थ एकच. तांब्याची तार चोरणारी टोळी! त्याने वायरमनला बोलावलं.

वायरमनने पेट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. आता जगात काहीही होईल, पण वायरमनच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य निघणार नाही.

"ही पाचवी ना? ही सगळ्यांत जुनी," तो म्हणाला. "मेन हीच. हिच्याच जिवावर बाकीच्या चार आहेत."

"मग हिला काही झालं तर?"

"तर इमारतच अंधारात."

संध्याकाळी कवळीवाले एका दंतवैद्याकडे कवळी पोचवून परत आले तेव्हा पाचव्या पेटीवर लोखंडी जाळी होती, जाळीला मुठीएवढं कुलूप होतं आणि वर लाल अक्षरांत 'धोका' लिहून खाली कवटी काढलेली होती. कवटीचे दातसुद्धा चुकीचे होते. कवळीवाल्यांनी स्वतःचे दातओठ खाल्ले आणि तरातरा जिना चढले.

"तुझ्या भावाला काडीची तरी अक्कल आहे का?"

"का? काय केलं त्याने?"

आता काय सांगणार? "काही नाही. एकंदरीत विचारतोय."

मेहुण्याने तेवढ्यावर भागवलं नाही. चौकीदाराला त्याने डोळ्यांत तेल घालून राहायची ताकीद दिली. चौकीदाराने ती फार मनावर घेतली. कुठूनशी शिट्टी पैदा करून तो अंगणात गाडी मागे घेणाऱ्या प्रत्येकाला इशारे देऊ लागला, आणि तेही बरोबर कवळीवाल्यांच्या खिडकीखाली, बरोबर त्यांचा डोळा लागायच्या वेळी. "या माणसाच्या घशात ती शिट्टी कोंबीन एक दिवस," असं ते रोज दुपारी उशीला सांगत.

तशात शिक्षिकाबाईंचे निरोप सुरू झाले. पहिला अगदी मऊ होता. 'शिट्टी तुमच्याकडे पोचलेली दिसते. पुढे कधी निघेल?' दुसरा जरा कमी मऊ. 'तुमच्या मंडळाची नियमावली वाचली. पाचवा नियम फार आवडला. कुणी लिहिला?' कवळीवाले संतापून येरझाऱ्या घालू लागले. बाई तिरकस आहे, खवचट आहे, हिच्या हाताखाली पोरं कशी शिकली असतील, असं त्यांनी बायकोला अर्धा तास ऐकवलं. मग तिसरा निरोप आला. 'माझे गुडघे गेले आहेत, मला फिरता येत नाही. संध्याकाळी कॉम्प्युटर उघडते आणि ती कुठे पोचली ते बघते, तेवढाच विरंगुळा. किती दिवस झाले, ती तुमच्या जिन्याखालीच आहे.'

यावर चिडता येत नव्हतं. आणि चिडता येत नाही म्हणून ते जास्तच चिडले.

"माझ्या भावाशी एकदा तोंड उघडून बोला," बायको म्हणाली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. बायकांना कळतं. "किल्ली मागा. तो काही वाघ नाही."

"आधी त्याने ती टकटक मागे घ्यावी."

"अहो, ती कवळी खरंच वाजत होती."

त्या रात्री घरात तिच्याशीही बोलणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला जिन्यातच गाठलं. "ती पाचवी पेटी जरा उघडून दाखव."

"मरायचंय का, साहेब? परवा मलाच झटका बसला."

"कशाचा?"

"पाचव्या पेटीचा. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या."

कवळीच्या मालाची पेटी, आत एक बदक, आणि याला झटका! ओठांवर आलेली शिवी त्यांनी गिळली, कारण ती दिली असती तर कारणही द्यावं लागलं असतं. पण त्याच क्षणी त्यांचं ठरलं. खोटारड्यांच्या या इमारतीत आता सरळ मार्गाने काही व्हायचं नाही.

रविवारी दुपारी सगळं सामसूम होतं. फक्त वायरमन गच्चीवर पंपाची काहीतरी खटपट करत होता. कवळीवाले लोखंड कापायची करवत घेऊन जिन्याखाली गेले. कुलूप कापताना त्यांनी करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला एकेकाचा उद्धार केला. बसचं तिकीट ठेवणाऱ्याचा, गोळी ठेवणाऱ्याचा, वायरमनचा, मेहुण्याचा. शेवटी कुलूप खळ्ळकन पडलं. त्यांनी जाळी बाजूला केली, स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि तेवढ्यात मागे चौकीदाराने छाती फुटेल अशी शिट्टी फुंकली.

मेहुणा बनियनवर धावत आला. दाजी, धोक्याची पाटी, हातात लोखंड. त्याने विचार केला नाही. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं आणि दाजींच्या मनगटावर हाणलं. स्क्रू-ड्रायव्हर एकीकडे गेला आणि कवळीवाले कुंड्यांमध्ये जाऊन बसले.

इमारत गोळा झाली. मेहुण्याने स्टूल खाली ठेवलं.

"दाजी, चुकलो मी," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "टकटक म्हणायला नको होतं. पण म्हणून माणूस जीव देतो का?"

"जीव कोण देतोय, मूर्खा!" कवळीवाले कुंडीतूनच गरजले. "ती पेटी खोटी आहे! मी केली आहे, या हातांनी! तिच्यात वायर नाही, वीज नाही, तुझ्या डोक्यासारखी रिकामी आहे ती! थांब, दाखवतो."

ते उठले आणि त्यांनी झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नका," गच्चीवरून धावत आलेला वायरमन ओरडला. त्याने खिशातून टेस्टर काढला, झाकण उघडून आत टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

"उघडली तेव्हा आत तारेचा तुकडा नव्हता," वायरमन म्हणाला. "म्हटलं, चोरांनी पार धुवून नेली. मग भिंतीमागून मी नवीन ओढली. जिन्याचे दिवे, पंप, सगळं आता हिच्यावर टाकलंय. आणि खोटी कसली म्हणता, साहेब? आयुष्य गेलं या धंद्यात. या पाचांत अस्सल काय असेल तर ती हीच. असा माल आता मिळत नाही."

ज्या स्टुलाचा मार खाल्ला त्याच स्टुलावर कवळीवाले बसले. बायकोने त्यांचं सुजलेलं मनगट हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर चिडावं ते त्यांना सुचत नव्हतं.

"आत एक डबी होती," ते हळूच म्हणाले.

"होती ना. कागद, मणी, बदक. कचऱ्यात टाकली."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी चांगली होती. ती ह्याला दिली."

सगळ्यांनी चौकीदाराकडे बघितलं. चौकीदाराने गळ्यातली दोरी नाइलाजाने काढली. दोरीला पितळी शिट्टी होती आणि शिट्टीला क्रमांकाचा बिल्ला. "घ्या, साहेब. पण बदल्यात दुसरी द्या. नुसत्या हाताकडे कुणी बघत नाही." नियमावली न वाचता नियम पाळणारा हा पहिलाच माणूस कवळीवाल्यांना भेटला होता.

"मला विचारलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं का?" मेहुणा म्हणाला.

"विचारायला आधी बोलावं लागतं," बायको म्हणाली. ती दोघांनाही म्हणाली.

संध्याकाळी मेहुण्याला शेजारी बसवून कवळीवाल्यांनी शिक्षिकाबाईंना सगळं खरं लिहिलं. परवानगीचंही लिहिलं. रागाच्या भरात लिहिलेली पत्रं त्यांना कधी जड गेली नव्हती. हे गेलं. उत्तर लगेच आलं.

'चौकीदाराकडेच राहू द्या. गाड्या सुखरूप मागे-पुढे करणं, ह्यांचंही काम तेच होतं. डबीडबीतून फिरवताना तिला वाजवायला कुणीच नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता रोज दुपारी वाजली की दोन ओळी कळवत जा. तुम्ही नियम पाळणारे आहात, म्हणून सांगते.'

तेव्हापासून दुपारची झोप संपली. कवळीवाले खिडकीत बसतात आणि कळवतात: आज पांढरी मोटार निघाली, शिट्टी वाजली. आवाज चांगला होता. परवा चौकीदार रजेवर गेला, तर हे स्वतः अंगणात उतरले आणि शिट्टी फुंकून चार गाड्या मागे घ्यायला लावल्या.

खालच्या मजल्यावरून मेहुण्याने खिडकीतून डोकं काढलं. कौतुकच करायचं होतं बिचाऱ्याला.

"वा, दाजी," तो म्हणाला, "हिच्यात टकटक अजिबात नाही."

दोघांचं बोलणं पुन्हा बंद आहे.