आईच्या हातचे दिप्ले

मेनेलाओसने पहिला घास चावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो तसाच बसून राहिला. समोर ओट्याला टेकून त्याची धाकटी बहीण आरिस्तेआ उभी होती. सकाळपासून तिने पीठ मळलं होतं, ते कागदासारखं पातळ लाटलं होतं, एकेक पट्टी तापल्या तेलात सोडून दोन काट्यांनी झटपट गुंडाळली होती, मधात बुडवली होती आणि वर अक्रोड-दालचिनी भुरभुरवली होती. दिप्ल्यांचं ताट फिरल्याशिवाय कालामाता शहराच्या बाजूला लग्न लागल्यासारखं वाटत नाही, आणि उद्याचं लग्न मेनेलाओसच्या लेकीचं होतं.

"चांगले झालेत," डोळे उघडून मेनेलाओस म्हणाला.

आरिस्तेआने सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण आईचे नाहीत."

मेनेलाओस तरुणपणीच मेलबर्नला गेला होता. तिथे त्याने नळजोडणीचा धंदा काढला, तो वाढवला, आणि लेकीला आईचं नाव ठेवलं, कालिओपी. ती सुट्टीला म्हणून इकडे आली आणि इथल्याच मुलाच्या प्रेमात पडली, तेव्हा बापाने एकच अट घातली होती. लग्नात दिप्ले असतील ते आईच्या चवीचे. म्हातारी गेली तेव्हा विमान गाठून तो पोचेपर्यंत तिची माती झाली होती. त्यानंतर तो दर फोनला दिप्ल्यांची आठवण काढायचा. आरिस्तेआ ऐकून घ्यायची. फोनवर ऐकून घेणं सोपं होतं.

"मेनेलाओस, मला आईनेच शिकवलं. तिच्या शेजारी उभी राहून तळलेत मी, ती अंथरुणाला खिळेपर्यंत."

"म्हातारपणी तिचा हात बदलला असेल. मी लहानपणचं सांगतोय." त्याने उरलेला तुकडा नाकाशी नेला. "ह्यात संत्र्याचा रस आहे."

"आहे."

"तिथेच चुकलं. आई ऊझो घालायची. त्या दारूचा बडीशेपेसारखा वास मला अजून आठवतोय."

"तो वास बाबांच्या तोंडाला यायचा."

मेनेलाओस उठला. त्याने कपाटातली ऊझोची बाटली काढली.

आरिस्तेआने नवं पीठ घेतलं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या बापाशी भांडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. अंडी फोडली, चमचाभर ऊझो घातली आणि हात धुवायला वळली. तेवढ्यात मागून बाटलीचा गटगट आवाज आला.

"किती ओतलीस?"

"अंदाजाने. आई अंदाजानेच घालायची."

पीठ खिरीसारखं झालं. मग मैदा वाढवला, मैदा जास्त झाला म्हणून अंडी वाढवली, आणि परातीत अर्ध्या गावाला पुरेल एवढा गोळा तयार झाला. लाटायच्या यंत्राला मेनेलाओसने हात लावू दिला नाही. आई लांब काठीने लाटायची, म्हणून त्याने गच्चीवरच्या झाडूचा दांडा काढून धुऊन आणला.

"एकसारखी जाडी पाहिजे, एवढंच असतं त्यात. पाइपाचं तसंच असतं."

"पाइप खातात का तुझ्या मेलबर्नला?"

पहिली पट्टी तेलात पडली आणि तडतडून फुटली. दुसरी गुंडाळताना तुटली. तिसरीच्या वेळी मेनेलाओसने काटे बहिणीच्या हातातून घेतले, आणि तेलाचा एक थेंब त्याच्या मनगटावर उडाला. तो नळाखाली हात धरून उभा राहिला, ती बोट दाखवून बोलत राहिली, आणि कढईतली पट्टी कोळसा झाली. तुटकं-करपलेलं सगळं आरिस्तेआ एका पातेल्यात टाकत गेली. शेजारच्या कोंबड्यांना घालता येईल, असा तिचा हिशेब होता.

धूर बाहेरच्या खोलीत गेला तसा तिचा नवरा आर्गिरिस दारात आला. तो शांत माणूस होता. चष्मा पुसून त्याने आधी मेव्हण्याकडे पाहिलं, मग झाडूच्या दांड्याकडे.

"मला फक्त एक विचारायचंय. उद्याचे कोट ह्याच दाराला टांगलेत. त्यांना वास लागावा असं ठरलंय का तुमचं?"

मग त्याने दोन्ही कोट खांद्यावर टाकले आणि शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायला निघून गेला. जाताना त्याने दार उघडं टाकलं. बाहेरून वारा आला, गॅस फडफडला, तो नीट करायला आरिस्तेआने दोन्ही शेगड्यांची ज्योत मोठी केली, आणि दुसऱ्या शेगडीवरचा मध उकळून वर आला. ती वळेपर्यंत तो शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर उतरला होता.

"मधाकडे लक्ष ठेव म्हटलं होतं ना तुला?"

"मी हात भाजलेला माणूस आहे," मेनेलाओस म्हणाला आणि फडकं आणायला निघाला. त्याची वहाण मधात चिकटून जागेवरच राहिली, पाय पुढे गेला. मग तो अनवाणीच बाहेरच्या खोलीत गेला आणि पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यावर त्याने मधाची पावलं उमटवली.

आरिस्तेआ ती पुसायला बसली. ती पुसत असताना मेनेलाओसने निकाल लावायचं ठरवलं आणि दिआमांतो मावशीला फोन केला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती वरच्या गावात राहते आणि एकाच कानाने ऐकते, आणि फोन नेमका दुसऱ्या कानाला लावते.

"मावशी, तेलात सोडायच्या आधी आई काय करायची? आरिस्तेआचं तेलात काहीतरी बिघडतंय."

पलीकडून फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने खाली टॅक्सी थांबली. मावशी काळ्या रुमालात, धापा टाकत वर आली.

"कुठाय पोरगी? किती भाजली?"

"कोण भाजली?" आरिस्तेआने गालिच्यावरून मान वर केली.

"हा म्हणाला, आरिस्तेआ तेलात पडली. मी पाद्रीबुवांनाही सांगून आलेय."

पाद्रीबुवांना फोन करून लग्न ठरल्याप्रमाणेच आहे असं कळवण्यात आणखी वेळ गेला. मग मावशीला खुर्ची दिली. तिची काठी जमिनीला चिकटली, ती ओढून काढली, आणि मेनेलाओसने एकदाचा प्रश्न विचारला. तिच्या धडक्या कानाशी, मोठ्याने.

"आई पिठात काय घालायची? ऊझो की संत्रं?"

मावशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ह्यासाठी आपल्याला डोंगरावरून खाली आणलं हे तिला हळूहळू उमगत होतं.

"घरात असेल ते."

त्यानंतर मावशीने खुर्चीवरूनच ताबा घेतला. मेनेलाओसला अक्रोड कुटायला बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. यंत्र पुन्हा ओट्यावर आलं. तिसरं पीठ पहिल्यासारखंच होतं, संत्र्याच्या रसाचं. पट्ट्या तेलात पडताच फुगायला लागल्या, आरिस्तेआचे काटे फिरू लागले, आणि ऊन उतरेपर्यंत टेबलावर सोनेरी गुंडाळ्यांची ताटं लागली. आर्गिरिस परत आला आणि ती पाहून नकळत टोपी काढून उभा राहिला.

मेनेलाओसने एक उचलला. सगळे बघत होते. त्याने चावला, चावला, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय?" आरिस्तेआने विचारलं.

"काही नाही. उत्तम आहेत."

"काय ते बोल."

"आईचे नाहीत गं. मी काय करू?"

आरिस्तेआने एप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिचा आवाज अजिबात चढला नाही, त्यामुळे आर्गिरिस घाबरला.

"तिच्यासाठी शेवटचे दिप्ले मी केले होते. दात नव्हते, म्हणून मधात भिजवून भरवले. तेव्हा ती म्हणाली, मेनेलाओसला आवडायचे, त्याला कोण देत असेल. मला एकदासुद्धा म्हणाली नाही की चांगले झालेत. आता तूही म्हणू नकोस."

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मेनेलाओसने खाली वाकून जमिनीवरचा मध पुसायला घेतला. पुसून झाल्यावर त्याने शेगडीवरचा, ओट्यावरचा, भांड्यांच्या तळाचा उरलासुरला मध कोंबड्यांच्या पातेल्यात निपटला. सकाळपासून त्याच्या पोटात चार घासांपलीकडे काही गेलं नव्हतं. चांगल्या ताटांना हात लावायची आता हिंमत नव्हती. त्याने चमचा घेतला आणि पातेल्यातलाच मधात मऊ पडलेला, कडेला करपलेला चुरा तोंडात टाकला.

चमचा तोंडातच राहिला. मग त्याने दुसरा घास घेतला. मग तो जमिनीवरच बसला, पातेलं मांडीत घेऊन, आणि त्याचे खांदे हलू लागले.

"हाच," तो म्हणाला. "मावशी, हाच तो."

मावशीने पुढे वाकून पातेल्यात पाहिलं.

"असणारच. तुम्हा पोरांना अख्खे कधी मिळाले होते? अख्खे लग्नघरी जायचे, ताट कपाटात कुलपात. मोडलेलं, करपलेलं सगळं पातेल्यात गोळा करून तुमची आई तुम्हाला द्यायची. तू तर तळ चाटायचास. आरिस्तेआ तेव्हा पाळण्यात होती. ती खायच्या वयाची झाली तोवर घरात चार पैसे आले होते."

आरिस्तेआ गॅलरीच्या दारात येऊन उभी होती. तिने भावाकडे पाहिलं, मग टेबलावर दिवेलागणीच्या उजेडात चकाकणाऱ्या त्या निर्दोष ताटांकडे पाहिलं, ज्यांच्यापायी तिचा दिवस, गालिचा आणि बऱ्यापैकी आयुष्य खर्ची पडलं होतं. मेनेलाओसने बाहीने डोळे पुसले.

"पातेलं संपत आलंय," तो जरा चाचरत म्हणाला. "उद्या कालिओपीलाही चाखवायचं होतं. तिला तिच्या आजीचे म्हणून."

आरिस्तेआ टेबलाशी गेली. तिने एक ताट उचललं, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

"मोड."

मेनेलाओसने एक सुंदर दिप्ला हातात घेतला आणि नळाचा जोड सोडवावा तसा जपून त्याचे दोन भाग केले. आरिस्तेआने ते पाहिले आणि त्याच्या हातातून काढून घेतले.

"असे नाही," ती म्हणाली. "आईचे बारीक असायचे."