डोक्याकडची फळी हलत नसल्याबाबत

जी वस्तू हलू नये ती हलली तर चौकशी होते. जी हलायला हवी ती हलली नाही तर कुणाचंच काही बिघडत नाही. या सत्यावर आमचं डिझाइन खातं उभं आहे, आणि भक्कम उभं आहे.

आम्ही संगणकावर रुग्णालयाच्या खाटा जुळवतो. एका खाटेत दोन हजार एकशे चौदा सुटे भाग (पैकी दोन मोजताना सापडले नाहीत). कुठल्याही भागावर उजवं बटण दाबून 'फिक्स' केलं की तो जागचा हलत नाही, आणि ज्याने केला त्यानेच तो मोकळा करायचा. खात्याची रीतच अशी की घरी जाताना प्रत्येकाने आपापला भाग फिक्स करून निघायचं. उगाच दुसऱ्याचा माउस लागून आपला नट सरकला, तर नसती आफत नको. शिस्त म्हणतात ती हीच.

सोमवारी अकराला गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला पडद्यावर खाटेची डोक्याकडची फळी उचलून दाखवायची होती. हे काम ताईंकडे होतं. ताई सहा महिन्यांच्या करारावर. साहेबांनी सांगितलं होतं, "फळी उचलली तर नोकरी पक्की. नाहीतर बघू." (आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.)

पडद्यावर फळी एकटीच उघडली की छान वरखाली व्हायची. पूर्ण खाटेत आणली की ढिम्म. माणसांचंही तसंच असतं. घरात तावातावाने बोलणारे मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. ताईंनी टेबलाटेबलाशी जाऊन, काका-दादा करून, वाटेतले छत्तीस भाग मोकळे करून घेतले. तरी फळी हलेना. मग त्यांनी निम्मे भाग पडद्यावरून लपवून फळी हलते का पाहिलं, मग उरलेल्यातले निम्मे. अकराव्या फेरीत दोषी सापडला. बिजागरीची पिन. फिक्स करणारे: खुद्द साहेब.

"साहेब, एवढी एक मोकळी केली की झालं."

"आठ वर्षं तशीच आहे ती. कुणाची तक्रार आली का?"

"आठ वर्षांत फळी उचलूनच पाहिली नाही कुणी."

"मग आताच कसली घाई?" साहेब म्हणाले, आणि पिन मोकळी केल्यास होणाऱ्या परिणामांचा अभ्यास करायला त्यांनी समिती नेमली. (समितीत मीही होतो. चहा चांगला होता.)

सोमवारी ताईंनी गिऱ्हाइकासमोर कळ दाबली. फळी तसूभरही हलली नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाईक मात्र खूश. "आमची जुनी खाट फार करकरायची," ते म्हणाले, "हिचा आवाजच नाही!" पाचशे खाटांची ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली. साहेबांना बढती मिळाली. ताईंची फळी अटीप्रमाणे उचलली गेली नव्हती, म्हणून त्यांना निरोप देण्यात आला. मला फार वाईट वाटलं. मी तसं कुणाला बोललो नाही.

पिन तशीच ठेवून खाटा तयार झाल्या, आणि आता प्रत्येक खाटेबरोबर दोन उशा मोफत जातात. परवा तुम्ही आजारी मावशींना भेटायला गेलात, कळ दाबलीत, फळी उठली नाही. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, हळूच त्यांच्या पाठीमागे उशी सरकवलीत आणि "आता बरं वाटतंय ना?" असं विचारून घरी आलात. आमच्या वार्षिक अहवालात ती नोंद 'ग्राहक समाधानी' या रकान्यात आहे.