चंद्राबाईची मिश्रीची डबी

ये, अशी जवळ बस. आणि एचआयव्ही म्हणलं की दाराकडं काय बघतीस? नुसतं ऐकल्यानं लागत न्हाई ते.

आमच्या चाकुरात चंद्राबाई कासारीण हाय. मिश्रीची डबी कायम तिच्या कमरेला, पण दोन वर्षांत तिनं त्यात बोट घातलं न्हाई. विचारलं की म्हणणार, "एक काम राहिलंय."

दुसऱ्यांच्या मिश्रीची मात्र लई चौकशी. बांगडी चढवताना सासू आत गेली की हळूच विचारायची, "मिश्री लावलीस का गं आज?"

त्याचं असं झालं. नर्सबाईनं तिला एचआयव्हीची घरच्या घरी तपासणी शिकवली. हिरडीवरून काडी फिरवायची, नळीत उभी करायची, वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर सरकारी दवाखान्यात पक्की तपासणी. पहिल्याच बाईनं तोंड स्वच्छ पाहिजे म्हणून आधी मिश्रीनं दात घासले. काडी काळी, नळी काळी. चंद्राबाई म्हणाली, "आता रेघ काय बुक्क्यात शोधू?"

मी म्हणलं, "बायकांना सरळ दवाखान्यात धाड की."

"तिकिटाला पैसे नवऱ्याकडं मागायचे. कशाला म्हणला तर काय सांगायचं? फोन बी त्याच्याच खिशात. बाईचा हात तेवढा माझ्या हातात येतो."

परवा दुपारी ती माझ्याकडं आली. बांगड्यांच्या पेटीच्या तळातून तपासणीच्या काडीचं एक पाकीट काढलं. "आक्का, आज बस माझ्यापाशी."

नवरा तिचा ट्रकवर होता. पाच वर्षांखाली तापानं गेला. कसला ताप, तिला कुणी सांगितलं न्हाई. गावभर काड्या वाटल्या, स्वतःची तेवढी राहिली.

"आणि मिश्री का सोडलीस?" मी म्हणलं.

"धीर कधी येईल सांगता येत न्हाई. तोंड तयार असावं."

काडी हिरडीवरून फिरवून नळीत उभी केली आणि वीस मिनिटं ती हिरव्या बांगड्या मापानं लावत बसली. सगळ्या चुकीच्या लावल्या. मग म्हणाली, "तूच बघ."

मी चष्मा लावला. एक रेघ. चष्मा पुसून परत बघितलं. एकच.

तिनं कमरेची डबी उघडली. मिश्रीचा खडा झाला होता, तो नखानं खरवडत बसली.

"दोन आल्या असत्या तर?" मी विचारलं.

"गोळ्या असतात की. पण त्याच्या आधी कुणीतरी जवळ बसायला लागतं."

तर आता तू बी तपासणीला ये, लवकर ये. त्या दिवशी मिश्री तेवढी लावू नको. जवळ बसायला मी हाय.