गयाक्काच्या चिमटीत

गयाक्का बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. आधी त्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरते, अंगठ्यानं चोळून बघते आणि म्हणते, "हे माझं, बरं का. ध्यानात ठेव." म्हणजे जुनं झालं की ते कापड तिच्याकडे गेलं पाहिजे, ती त्याची गोधडी शिवणार. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. इथं मनातलं लिहिते आहे, म्हणून 'ती'.

कुंभार पिंपळगावात आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. ब्लाउज, फॉल, पिको, सगळं. रीतसर कोर्स केलेला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. गयाक्काकडे एक सुई आणि दोरा, तोही दातानं तोडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचंही डोकं फिरेल.

कापड मागताना तिला वेळकाळ कळत नाही. गल्लीतल्या एका पोरीची हळद चालली होती. बाया गाणी म्हणत होत्या आणि ही नवरीच्या साडीचा काठ चोळत बसलेली. "हळद धुऊ नको, पोरी. तशीच दे." ग्रामसेवकांची बदली झाली, तेव्हा निरोपाचा कार्यक्रम होता. शाल, नारळ, भाषणं झाली. गयाक्का उठून पुढं गेली. लोकांना वाटलं, आता ही चार शब्द बोलणार. तिनं साहेबांची बाही धरली. "हा चौकटीचा सदरा माझा." बिचाऱ्यांनी तो इस्त्री करून घनसावंगीहून जीपवाल्याच्या हाती पाठवला. पुण्याला कंपनीत निघालेल्या एका पोराचा टी-शर्ट तर तिनं एसटीच्या खिडकीतूनच धरून ठेवला. कंडक्टर ओरडला, "मावशे, पोरगं पाठवायचं का नुसता शर्ट?"

साऱ्या गावाचं मागितलं. माझं मात्र कधीच नाही.

मला हे फार लागायचं. कापडाची पारख मला, चांगल्या साड्या माझ्याकडे, आणि ही बाई ग्रामसेवकाच्या सदऱ्यावर भाळते! एका दिवाळीला मी जांभळी सिल्कची साडी नेसून तिच्या ओट्यासमोरून उगाच चकरा मारल्या. म्हणाली, "वंदे, पाय न्हाई का दुखून राह्यले? बस जरा." मग मी तीच साडी, मनावर दगड ठेवून, दाराच्या खिळ्याला अडकवली आणि पदर टर्रकन फाडून घेतला. म्हटलं, फाटकं बघून तरी मागेल. तिनं मला खाली बसवलं, पदर मांडीवर घेतला आणि असा रफू करून दिला, की कुठं फाटला होता ते मलाच सापडेना. "आता बिलकुल काय होत न्हाई त्याला," म्हणाली. मी घरी येऊन भांडी आपटली.

अशात पुण्याच्या एका कापडवाल्यानं तिच्या गोधड्या बघितल्या आणि तिला विचारून, त्यांच्यावरची ठिगळांची मांडणी नव्या कापडावर छापली. नमुना आला तेव्हा गयाक्का हसता हसता खोकायला लागली. "नव्या कापडावर ठिगळाचं चित्र? खरी ठिगळं मिळंनात का यांना?" पण त्या कापडाचं नाव झालं आणि गोधड्यांवर निघणाऱ्या एका मासिकानं तिची मुलाखत ठरवली. 'फॅब्रिक डिझायनर' म्हणून! सुईत दोरा ओवताना जी मला हाक मारते, ती डिझायनर. आणि मशीन चालवून जिचे गुडघे गेले, ती मी कोण, तर शेजारीण.

त्याच आठवड्यात आमच्या घरी एक गोष्ट ठरली होती. महेशनं, माझ्या मुलानं, पुण्यात घर घेतलंय. दिवाळी झाली की मी आणि आमचे हे कायमचे तिकडे राहायला जाणार. गयाक्काला मी हे सांगितलं नव्हतं. म्हटलं, आता एवढी मोठी झालीय, तिला काय फरक पडतोय.

मासिकाच्या दोन मुली जालन्याहून जीपनं आल्या. मी जांभळी साडी नेसून चहा घेऊन गेले आणि बरोबर गयाक्काच्या शेजारी उभी राहिले. कॅमेरावाली म्हणाली, "काकू, थोडं बाजूला होता का? तुमची सावली पडतेय." झाले बाजूला.

दुसरीनं विचारलं, "आजी, कापड कसं निवडता? रंग बघून, की पोत बघून?"

"रंगाला काय करायचंय?" गयाक्का म्हणाली. "जाणाऱ्याचं घेते मी."

"म्हणजे?"

"जे गाव सोडून चाल्लं, त्याचं मागते. पोरी सासरी जात्यात, साहेब लोक बदलून जात्यात, पोरं पुण्याला जात्यात. आमचा सुरेश हैदराबादला गेल्ता, तवा त्याचा शाळेचा सदरा तेवढा ऱ्हायल्ता खुंटीला. तितून सुरू झालं हे. आता गोधडी अंगावर घेतली, की समदे घरी आल्यावानी वाटतंय."

तिचा मुलगा सुरेश गेला तो गेलाच. फोन करतो कधी सणाला.

त्या मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "मग या काकूंचं कुठलं कापड आहे यात?"

"तिचं कशाला?" गयाक्का म्हणाली. "ती कुठं चाल्ली? भिंतीला भिंत हाय आमची."

मी रिकाम्या कपबश्या उचलल्या आणि घरी आले. भांडी आपटायची राहूनच गेली.

अंक आला तो माझ्या पत्त्यावर. गयाक्काचा पानभर फोटो. मी स्वतःला शोधलं. माझं एक कोपर आलंय, चहाच्या ट्रेसकट. अंक घेऊन तिच्याकडे गेले तर ती गोधडी शिवत बसली होती. फोटो बघून म्हणाली, "लई म्हातारी दिसून राह्यले," आणि अंक बाजूला ठेवून पुन्हा सुई हातात घेतली. मी एका दमात सांगून टाकलं. महेशचं घर, पुणे, दिवाळीनंतर.

तिची सुई थांबली. मग तिनं हात पुढं केला आणि माझा पदर चिमटीत धरला. जांभळाच होता, मुद्दाम नेसले होते. त्यातही तिनं बरोबर रफूची जागा धरली, न बघता. अंगठ्यानं चोळत राहिली. जे ऐकायला मी इतकी वर्षं जळत होते, ते आता तिच्या तोंडून येणार होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

शेवटी मीच म्हणाले, "मागा ना, अक्का."

"न्हाई मागायची," ती म्हणाली. "मी मागितलं की माणूस बराबर जातंय."

पदर मात्र तिनं सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही.