वाटे होण्याआधी

आमच्या डोंगरी गावचा बस्त्याव सिनेमा कधीच शेवटपर्यंत बघत नसे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी भाईंदरला तंबूतला सिनेमा येई. चार चोर मिळून राजाचा खजिना लुटतात, तो खेळ बस्त्यावने इतक्यांदा पाहिला की तिकीटवाला त्याला बघून हसायचा. पण चोर लुटीचे वाटे करायला बसले की हा उठून बाहेर.

"अरे, शेवट तरी बघ की!" मी म्हणे.

"बाय, मजा त्याच्या आदीच हाय. एक कुलूप उघडतो, एक भिंत चढतो, एक नुसता इशाऱ्याला खोकतो. खोकणारा नसला तं चोरी होत न्हाय!"

गावात कोणीही दिसलं की बस्त्याव त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून टोळीतलं काम देई. ताडावर चढणारा रघू भिंतीसाठी. आमच्या ख्रिस्ती देवळात घंटा वाजवणारा इनास वेळ सांभाळायला. मी पहाऱ्याला, कारण मी ओरडले की पार शेजारच्या उत्तनची कुत्री उठतात म्हणे. स्वतः बस्त्याव खोकणारा.

"आणि चोरायचं काय?" मी विचारी.

"ते मागून बगू. आदी मानसं जमू दे."

पूर्वी बस्त्याव आणि त्याचे तीन भाऊ बापाच्या होडीवर एकत्र जात. बाप गेला, होडी विकली, वाटे झाले. तिघे मुंबईला गोदीत गेले ते तिकडचेच झाले. बस्त्यावच्या वाट्याला घर आलं. भात मात्र तो अजून चौघांचाच टाकी, आणि उरलेला माझ्या कोंबड्यांना आणून घाली. गावात सगळ्यांत जाड कोंबड्या माझ्या.

एका उन्हाळ्यात मीच कंटाळून म्हटलं, "माझ्या परसातला फणस चोरा एकदाचा. पिकलाय."

रविवारी देवळातली मिस्साची प्रार्थना सुटल्यावर, भर उन्हात चोरी झाली. इनासने तांब्यावर टोला दिला, रघू झाडावर चढला, मी माझ्याच फणसासाठी माझ्याच फाटकात पहाऱ्याला. शेजारीण विचारत आली, "काय चाललाय गो?"

"चोरी," मी म्हटलं.

"बरा," म्हणून ती गेली. बस्त्याव तेवढ्यात घसा फुटेस्तोवर खोकला.

फणस ओटीवर आला. रघूने कोयता मागितला. बस्त्याव गुपचूप उठून टोपी शोधू लागला.

मी फणसावर अंगठा दाबला. "कच्चा हाय. पोत्यात घालून ठेवते. पुढच्या रविवारी या सगळे."

वास पार रस्त्यापर्यंत सुटला होता. इनासने नाक पुसलं. रघूने झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "हां, कच्चाच दिसतोय."

बस्त्याव टोपी हातात धरून उभा राहिला. "मंग बाय, पुढच्या रविवारी... मी खोकायला येऊ?"

"ये. आणि भात तुझाच आण," मी म्हटलं. "चौघांचा."