गुणाजी अस्वलाच्या पसंतीचा पंप

एका जंगलात, मुलांनो, गुणाजी नावाचं अस्वल राहत होतं. उभा जन्म त्यानं पोळ्यांखाली धूर करून मध काढला. मध सगळ्या जंगलानं खाल्ला. धूर तेवढा एकट्या गुणाजीच्या छातीत राहिला.

हल्ली चार पावलं टाकली की त्याला धाप लागे. त्यात उन्हाळा तोंडावर आला होता. उन्हाळ्यात तिथला झरा आटतो. मग सगळं जंगल खिंड चढून पलीकडच्या तळ्यावर जातं. जो चढू शकत नाही, तो मागे राहतो आणि तहानेनं... जाऊ दे. तुम्ही लहान आहात.

डॉक्टर बगळ्यांनी गुणाजीला छातीत औषध घ्यायचा पंप दिला. "बोटानं दाबायचं. त्याच क्षणी श्वास आत घ्यायचा. मग दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. अगदी सोपं!"

सोपं होतंच. पंप माकडांनी बनवला होता आणि माकडांवरच तपासला होता.

गुणाजीनं पंजानं पंप दाबला. औषध नाकावर उडालं. श्वास मागाहून आला, सावकाश आणि रिकामा.

"डॉक्टरांना सांगा की जमत नाही म्हणून," त्याची बायको हौसाबाई म्हणाली.

"त्यांना वाईट वाटेल गं."

"आणि तुम्ही गेल्यावर मला काय गुदगुल्या होणारेत?"

पण त्या जंगलात रीतच होती. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की "छान आहे" म्हणायचं. गुणाजी रीतीला पक्का. पुढच्या खेपेला तो "छान आहे" म्हणाला, आणि एवढं बोलून धापा टाकत दारातल्या दगडावर बसला.

शेवटी हौसाबाईनंच एक वाळका भोपळा कोरला. एका भोकात पंप बसवला, दुसऱ्याला गुणाजीचं तोंड लावलं. पंप दाबला की औषध भोपळ्यात थांबे आणि गुणाजी आपल्या चालीनं ते आत घेई. आठ दिवसांत तो झऱ्यापर्यंत न थांबता गेला. पंधराव्या दिवशी खिंडीची दोन वळणं चढून आला, आणि घरी येऊन कालवणात मीठ नाही म्हणून एका दमात भांडला. हौसाबाईला रडूच आलं.

एवढ्यात रुग्णपसंती समिती नेमली गेली. "यापुढे रुग्णाच्या मनासारखं होणार!" अशी दवंडी पिटली. समितीची चिटणीस, चमकी सशीण, कागद घेऊन दारात उभी राहिली.

गुणाजीनं घाईघाईनं भोपळा पाठीमागे दडवला. डॉक्टरांच्या पंपाला भोपळा लावल्याचं कळलं तर काय म्हणतील?

"काका, कोणता पंप आवडेल? निळा, जांभळा, की हिरवा?"

"ज्यानं खिंड चढवेल तो."

"तसा रंग नाहीये, काका."

"अगं, भोपळा लिही!" हौसाबाई आतून ओरडली.

चमकी दचकली. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. "काकू, भोपळ्याला चौकटच नाही हो. आणि मला अजून सतरा बिळं करायचीयत."

"राहू दे," गुणाजी ओशाळून म्हणाला. "निळ्यावर खूण कर, बाळा. छान असतो निळा."

महिन्याभरात निकाल लागला. दहातल्या नऊ जणांची पसंती निळ्याला! लगेच जुने पंप गोळा झाले आणि निळे वाटले गेले.

निळ्या पंपात फवारा नव्हता, पूड होती. ती तोंड लावून, एका झटक्यात, जोरानं ओढायची. म्हणजे दम यावा म्हणून औषध घ्यायचं, आणि औषध घ्यायला आधी दम हवा. भोपळ्याचा काही उपयोग उरला नाही.

जन्मात पहिल्यांदा गुणाजी डॉक्टरांना म्हणाला, "हा जमत नाही. जुना द्या."

डॉक्टर बगळे दुखावले. "अहो गुणाजीराव, तुमच्याच पसंतीचा आहे! ही बघा तुमची खूण."

खूण खरीच होती.

झरा आटला. जंगल निघालं. पहिल्या वळणालाच गुणाजी खाली बसला. हौसाबाई त्याच्या शेजारी बसली.

"तू जा गं."

"गप्प बसा. बोलून आहे तो श्वास घालवू नका."

सगळ्यात शेवटी चमकी सशीण आली. ती थांबली. तिनं दोघांकडे पाहिलं, मग खिंडीकडे पाहिलं. पण कागद तर भरायलाच हवा होता. तिनं लिहिलं: "गुणाजी अस्वल व पत्नी. खिंड न चढण्यास पसंती."

तात्पर्य: रुग्णाला विचारल्याशिवाय काहीही करू नये. एकदा विचारून झालं की मग काहीही करावं.