दामलेसरांचा पूर्वपक्ष

इंग्लंडात, रीडिंग गावातल्या आमच्या शाळेसमोर डबल पिवळी रेघ आहे. तिच्यावर गाडी लावायची नसते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दामलेसरांनी लावली. दोनच मिनिटं, लॅटिनच्या वह्यांचे गठ्ठे उतरवायला. तेवढ्यात पार्किंगचा वॉर्डन आला आणि त्याने दंडाचं तिकीट फाडायचं मशीन काढलं. अशा वेळी कुणी गयावया करतं, कुणी तणतणतं. दामलेसर हात वर करून म्हणाले, "थांबा. आधी मी तुमची बाजू मांडतो."

आणि मांडली. मुलं इथून रस्ता ओलांडतात, वळणाऱ्या बसला काही दिसत नाही, मास्तरानेच नियम मोडला तर पोरांनी काय शिकायचं. शिवाय गाडीचं मागचं चाक फुटपाथवर चढलंय, हे तर वॉर्डनच्या लक्षातही आलेलं नव्हतं. तो बिचारा इतका भारावला की मशीन खिशात घालून म्हणाला, "राहू दे सर, निघा तुम्ही." त्यावर सर खवळले. "निघा कसं? एवढी भक्कम बाजू अशी वाऱ्यावर सोडता? द्या ते तिकीट." तिकीट हातात पडल्यावरच त्यांचा जीव शांत झाला. मी गेटवर ड्यूटीला होते. हे सगळं चाललेलं असताना वह्यांचे गठ्ठे मी उचलत होते, हेही नमूद करते.

मी या शाळेत गणित शिकवते. माहेर नागपूरचं, त्यामुळे मला कुठलीही गोष्ट दोन वाक्यांत उरकायची सवय. शाळा ख्रिस्ती, आणि त्यातही जुन्या वळणाची. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, मग लॅटिन, मधल्या वर्गांना तर्कशास्त्र, मोठ्यांना वक्तृत्व. मोबाइल गेटवर जमा. दामलेसर पुण्याचे, संस्कृतचे. पत्नी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आल्या आणि त्यांच्यामागून हे आले. आता त्या नाहीत; त्यांच्यानंतरच सर या शाळेत आले. सर लॅटिन स्वतःच शिकले. संस्कृत येणाऱ्याला लॅटिन म्हणजे मावसभावाचं घर, चहा न विचारता मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुलाखत आमचे हेडमास्तर मिस्टर हॉब्सन अजून रंगवून सांगतात. हॉब्सननी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती नाही. मग आम्ही तुम्हाला का घ्यावं?" सर म्हणाले, "आधी का घेऊ नये ते नीट मांडू." मग पाऊण तास ते स्वतःच्या विरुद्ध बोलले. हॉब्सनना सगळंच्या सगळं पटलं. नकाराचं पत्र लिहायला म्हणून ते टेबलाशी बसले आणि त्यांना वाटलं, इतका सरळ माणूस आपल्याला पुन्हा कुठे मिळणार. त्याच कागदावर त्यांनी नेमणूक लिहिली.

सरांचा नियम तसा जुनाच. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि मग आपलं उत्तर. सरांनी त्याला पदरचं एक कलम जोडलं होतं. समोरचा स्वतः मान डोलावून "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणेपर्यंत आपण उत्तराचा एक शब्द काढायचा नाही.

कागदावर हे फार सुंदर दिसतं. शाळेत त्याने हाहाकार माजला. जेवणात केचप द्यावा की नाही यावर झालेली स्टाफ मीटिंग मी जन्मात विसरणार नाही. केचप नको म्हणणाऱ्यांनी केचपची बाजू मांडली, हवा म्हणणाऱ्यांनी त्याच्या विरुद्धची मांडली, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि शेवटी कोण कुठल्या बाजूचं होतं हेच कुणाला आठवेना. तो प्रश्न अजून लोंबकळतो आहे. फुटबॉलच्या मॅचमध्ये तर आमच्या गोलकीपरने चेंडू रेषेच्या आत कसा गेला होता हे रेफरीला इतकं मुद्देसूद पटवलं की नाकारलेला गोल त्याने परत दिला. आम्ही हरलो. सर पुढचा अख्खा तास त्या पोराचं कौतुक करत होते आणि क्रीडाशिक्षक बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते.

एका मुलाची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मुलाला झोपायला जा म्हटलं तर त्याने आधी तिची बाजू मांडली. दिवसभराचं काम, पाठदुखी, न झालेली झोप, सगळं. "ते ऐकून मलाच माझी दया आली," ती म्हणाली. "मी जाऊन झोपले. तो टीव्ही बघत बसला." मी तिला सरांकडे पाठवलं. सरांनी तिची तक्रार तिच्याहून चांगली मांडली आणि ती आभार मानून घरी गेली. आता अशा माणसाचं काय करायचं?

मीही एकदा वैतागून म्हटलं होतं, "सर, आयुष्यात कधीतरी सरळ उत्तर द्या हो."

"बाई, आयुष्यभर सरळच देत होतो," ते म्हणाले आणि वह्या तपासू लागले. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग आला वार्षिक वादसभेचा दिवस. पालक हॉलमध्ये, मुलं टाय लावून व्यासपीठावर, विषय गृहपाठ बंद करावा का. दोन्ही बाजूंनी एकमेकींचा पूर्वपक्ष असा काही मांडला की चहाच्या वेळेपर्यंत गृहपाठाचे विरोधक गृहपाठ मागत होते आणि समर्थकांना तो छळ वाटायला लागला होता. परीक्षक पाद्रीबुवांनी चष्मा पुसला आणि दोन्ही बाजू हरल्याचं जाहीर केलं. टाळ्या सगळ्यात जोरात दामलेसरांच्या.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. सातवीतली ग्रेस उभी राहिली. बारीक चणीची, नेहमी मागच्या बाकावर बसणारी. "सर, ज्याची बाजू तुम्हाला मांडताच आली नाही असं कुणी आहे का?"

"एक आहे," सर म्हणाले आणि खाली बसले. मी त्यांना एवढं छोटं वाक्य बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांची गाडी एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास होऊन गॅरेजमध्ये पडली होती, म्हणून घरी सोडायला मी निघाले. गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. मुलगी मुक्ता, केंब्रिजला संशोधन करते. चार वर्षं बोलत नाही. आई हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा मुक्ता म्हणाली, आईला घरी नेऊ या. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सरांनी सहा कारणं दिली. सहाही बरोबर होती. डॉक्टरही तेच म्हणाले.

"त्या दिवशी मी जिंकलो, बाई," सर म्हणाले. "ही तिसऱ्या दिवशी गेली. हॉस्पिटलातच."

सरांचं कलम कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. ते रोज सकाळी चॅपलनंतर रिकाम्या वर्गात बसून मुक्ताची बाजू लिहून काढत. चार वह्या झाल्या होत्या. पण मान डोलावणारं समोर कुणी नव्हतं, म्हणून पुढे जाता येत नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सर, शनिवारी सकाळी आठला तयार राहा. आणि मला काही पटवून द्यायला जाल तर तसंच एम-फोर हायवेवर उतरवीन."

शनिवारी मुक्ताने दार उघडलं. आधी मी फोन केला होता, ती नाही म्हणाली नव्हती, एवढंच. सरांनी बूटही काढले नाहीत. दारातच खिशातून कागद काढला. "मुक्ता, आधी मी तुझी बाजू मांडतो." आणि कागदावरचं वाचलं. आईची इच्छा, तिची खिडकी, तिची तुळस, नळ्यांमध्ये जाणारा शेवट. मी जिन्यात उभी होते. वकिलालाही जमलं नसतं इतकं चोख होतं ते. वाचून झाल्यावर ते तिच्या मानेकडे बघत थांबले.

मुक्ताने मान हलवली. नाही अशी.

"काही राहिलं का?" सर घाईने पेन शोधू लागले.

"बाबा, लिहू नका ना. मी त्या दिवशी आर्ग्युमेंट करतच नव्हते. मला माहीत होतं, तिला घरी नेऊन काही होणार नाही. मी फक्त प्रचंड घाबरले होते. तुम्ही मला जवळ घ्यायला हवं होतं."

सरांच्या हातातून कागद पडला, तो त्यांनी उचललाही नाही. ते तसेच उभे होते आणि शेवटी मुक्तानेच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी गाडीत जाऊन बसले.

परत येताना गाडीत फक्त रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह बोलत होता. एरवी सर त्याचीसुद्धा बाजू मांडत. रीडिंगची पाटी दिसली तेव्हा म्हणाले, "बत्तीस वर्षांची माझी पोर घाबरली होती, आणि मी कारणं मोजत होतो."

मी गाडी त्यांच्या घराच्या रस्त्याला वळवली. दारापाशी ते म्हणाले, "पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय तिने. काय न्यायचं असतं हो अशा वेळी?"

"काही नेऊ नका," मी म्हटलं. "लवकर जा."